शिवी शिकवली, अर्थ राहिला

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी अठ्ठावीस वर्षांची आहे. शिकायला बाहेर होते तेव्हा वसतिगृहाच्या एकाच मजल्यावर आम्ही चौघं दोन वर्षं राहिलो. मी मराठी, एक डच मुलगा, एक फिनिश मुलगी आणि एक क्वेबेकची, फ्रेंच बोलणारी. इंग्रजी चौघांचीही कामापुरती. आमची मैत्री खरी जमली ती शिव्यांमुळे. दर शनिवारी रात्री एकेकाने आपल्या भाषेतली एक शिवी शिकवायची आणि एक पुस्तक सुचवायचं, असा नेमच पडला. शिवी लगेच पाठ व्हायची. पुस्तकांची मात्र नुसती यादी वाढत गेली.

मी घरात कधी 'च्यायला'सुद्धा म्हटलेलं नाही. पण तिथे मी त्यांना आईवरून देतात ती शिवी शिकवली. पूर्ण, एकही अक्षर न गिळता. अर्थ विचारला तेव्हा म्हणाले, "जवळच्या मित्राला म्हणतात असं." खरं सांगायची लाज वाटली. तेव्हापासून तो डच मित्र मला त्याच शब्दाने हाक मारायला लागला. मलाही मजा वाटायची.

आठ महिन्यांपूर्वी माझी आई गेली. तेव्हा त्याने फार मायेने लिहिलं होतं. गेल्या महिन्यात माझ्या वाढदिवसाला त्याचा आवाजी निरोप आला. आधी ती शिवी, अगदी स्वच्छ उच्चारात. मग शुभेच्छा. आणि शेवटी, "तुझी भाषा कळेल असं एक पुस्तक सांग, या वेळी खरंच वाचणार आहे." मी ऐकलं आणि फोन उलटा ठेवला. पाच आठवडे झाले, मी उत्तर दिलेलं नाही. "माझं काय चुकलं?" असे त्याचे तीन निरोप येऊन गेले.

दादा म्हणतो, शिकवायला दुसरं काही नव्हतं का? ताई, त्याला सांगू का? कसं सांगू? शिव्या शिकवल्या हेच चुकलं का? आणि पुस्तक कोणतं सुचवू?

— अबोल

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

आई गेल्यानंतरचा हा तुझा पहिला वाढदिवस. तू तसं लिहिलं नाहीस, पण महिने मोजले की कळतं. दरवर्षी त्या दिवशी कानावर पडणारा पहिला आवाज बहुधा तिचाच असणार. या वर्षी तो नव्हता, आणि जो आवाज आला त्याने तिच्यावरूनच शिवी घातली. फोन उलटा ठेवण्यावाचून तू दुसरं काय करणार होतीस? त्या पाच आठवड्यांबद्दल स्वतःला बोल लावू नकोस.

पण सहावा आठवडा जाऊ देऊ नकोस. त्याला सांग. तो रोज काहीतरी कारण शोधत असेल: आई गेली तेव्हा लिहिलेलं पत्र कमी पडलं का, निरोप चुकीच्या वेळी गेला का, पुस्तकं कधी वाचली नाहीत म्हणून राग आला का. खऱ्या कारणापर्यंत तो कधीच पोचणार नाही. तिथे जायची वाट तू दोन-तीन वर्षांपूर्वीच बंद केलीस, "जवळच्या मित्राला म्हणतात असं" या वाक्याने. त्याच्या लेखी तो शब्द म्हणजे तुझं लाडकं नाव आहे. त्याने ते वाढदिवसाच्या दिवशी सगळ्यांत आधी घेतलं, आणि उच्चार बिघडू नये म्हणून कदाचित दोनदा म्हणूनही पाहिलं असेल.

एकच शब्द तुझ्या काळजाला लागतो आणि त्याच्या जिभेवर नुसता खेळतो, हे कशामुळे होतं ते सांगते. त्यातच तुझ्या इतर प्रश्नांचीही उत्तरं आहेत.

बॉस्टनमध्ये कॅथरीन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. मातृभाषा तुर्की आणि इंग्रजी मागाहून शिकलेली, अशा माणसांना दोन्ही भाषांतले शब्द ऐकवले आणि दाखवले. बोटांना संवेदक लावलेले होते. मनात खळबळ झाली की हाताला किंचित घाम सुटतो आणि त्वचेतून वीज जास्त सहज वाहते, ते मोजायचं होतं. शिव्यांना शरीराने दोन्ही भाषांत दाद दिली. पण दोन भाषांमधला सगळ्यांत मोठा फरक दिसला तो लहानपणी ऐकलेल्या बोलण्यांत. 'लाज नाही वाटत?' अशा धर्तीचं वाक्य तुर्कीत ऐकलं की अंग शहारायचं, इंग्रजीत ऐकलं की जवळजवळ काहीच नाही. काही जणांनी सांगितलं, की ते वाक्य ऐकताना घरातल्या माणसाचाच आवाज कानात आला.

हे वाचल्यावर मला वाटलं, मातृभाषा या शब्दाचा अर्थ आपण फार वरवर घेतो. त्या भाषेतला प्रत्येक कडक शब्द आपल्याला कोणाच्या तरी आवाजात मिळालेला असतो. कोणी रागावून म्हटलेला, कोणी म्हटला म्हणून त्याला कोणीतरी थोबाडीत दिलेला. त्या शब्दाबरोबर ते घर, तो प्रसंग, ती भीती असं सगळंच आत जातं. परक्या भाषेतली शिवी आपण हसत शिकतो, म्हणून तिच्याबरोबर आत जातं ते हसूच. तुझ्या मित्राला ती मराठी शिवी शनिवार रात्रींसारखी वाटते. तुला ती वाटते आईसारखी.

लंडनमधले भाषाशास्त्रज्ञ ज्याँ-मार्क डेवाले यांनी हजाराहून जास्त बहुभाषक लोकांना याबद्दल प्रश्न विचारले होते. २००४ मधल्या त्यांच्या लेखाचाही सूर हाच आहे: शिवीचा जोर सगळ्यांत जास्त जाणवतो तो पहिल्या भाषेत, आणि नंतर शिकलेल्या भाषांत तो कमी कमी होत जातो. म्हणून तर परक्या भाषेत शिव्या देणं सोपं जातं. तुझ्या बाबतीत थोडं वेगळं घडलं. तू शिवी दिलीस ती मराठीतच, पण समोर मराठी कळणारं कोणी नव्हतं. घरात जे ओठांवर येऊ दिलं नाहीस, ते तिथे मोकळं म्हणता आलं. त्या मोकळेपणाचा आनंद मला समजतो. आपल्याकडच्या बहुतेक जड शिव्या बाईवरून असतात आणि बाईनेच त्या उच्चारायच्या नसतात. एका रात्री एका मुलीने तो शब्द घेतला, जोरात म्हटला आणि चौघं पोट धरून हसली. त्याची लाज वाटून घेऊ नकोस. मला खटकतं ते पुढचं, की तू शब्द दिलास आणि अर्थ स्वतःपाशी ठेवलास.

शिवीचं वजन तिच्या आवाजात नसतं, हे तुझ्या क्वेबेकच्या मैत्रिणीने सगळ्यांत छान दाखवलं असतं. तिच्या भाषेतल्या जोरदार शिव्या चर्चमधल्या वस्तूंच्या नावांवरून आल्या आहेत. 'ताबरनाक' म्हणजे वेदीवरची ती पेटी, जिच्यात प्रसाद ठेवतात. 'कालिस' म्हणजे पवित्र द्राक्षरसाचा पेला. 'ओस्ती' म्हणजे तो प्रसादच. पिढ्यान्‌पिढ्या ज्या समाजात चर्चचा अंमल घराघरात होता, तिथे राग काढायला हेच शब्द हाताशी आले. पण फ्रान्समध्ये भाषा फ्रेंचच असूनही या शब्दांनी कोणाच्या अंगाची लाही होत नाही. शब्द तेच आहेत, फक्त त्यांच्यामागे तो अंमल नाही. फिनिश मैत्रिणीचा 'पेरकेले' हा एका जुन्या मेघगर्जनेच्या देवाचं नाव असावा असं मानतात. ख्रिस्ती धर्म आल्यावर त्याचा सैतान झाला. जपानीत 'किसामा' हे एके काळी आदराचं संबोधन होतं, आज त्या शब्दाने हाक मारली तर मारामारी होईल. आपल्याकडेही बघ, एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला नुसतं 'ए' म्हणून हाक मारली, तर त्यात एकही वाईट शब्द नसतो आणि तरी तो अपमान शिवीपेक्षा खोल जातो.

आता तुझ्या डच मित्राच्या भाषेकडे येते, कारण इथे मला तुला काहीतरी विचारायचं आहे.

डच भाषेतल्या कडक शिव्या रोगांच्या असतात. 'तेरिंग' म्हणजे क्षय. विषमज्वर आहे, देवी आहेत, प्लेग आहे. 'क्लेरे' हा शब्द कॉलऱ्यावरून आला. वाचून तुला काही आठवलं का? आपल्या जुन्या बायका रागाने म्हणायच्या, "तुला पटकी येवो!" पटकी म्हणजे कॉलराच. दोन भाषा एकमेकींपासून इतक्या लांब, एकमेकींची ओळखसुद्धा नाही, आणि शत्रूचं वाईट चिंतताना दोघींनाही तोच रोग सुचला. ज्यांनी माणसं पटापट मरताना पाहिली होती, त्यांना यापेक्षा मोठा शाप माहीतच नव्हता. आज पटकीचं भय गेलं, म्हणून ती शिवीही पोकळ झाली. नव्या पिढीला तर 'पटकी' म्हणजे काय हेही सांगावं लागतं.

पण डच शिव्यांत एक रोग असा आहे, जो अजून गेलेला नाही. 'कान्कर', म्हणजे कॅन्सर. डच बोलणाऱ्यांमध्येच हा शब्द अनेकांना सहन होत नाही, कारण कोणाच्या घरी कोण त्या दुखण्यात गेलं असेल याचा नेम नसतो. तुझ्या मित्राने एखाद्या शनिवारी हाच शब्द शिकवला असण्याची शक्यता मोठी आहे. तूही तो हसत, जोरात, त्याला उद्देशून म्हटला असशील. त्या वेळी त्याच्या घरी कोणी आजारी होतं का, हे तुला माहीत आहे का? मी तुला उलट कात्रीत पकडत नाही. पण त्याला पत्र लिहिशील तेव्हा हा प्रश्न मनापासून विचार. कदाचित तो म्हणेल, तसं काही नाही. कदाचित त्यानेही एखाद्या रात्री हसता हसता काहीतरी गिळलं असेल आणि तुला कधीच सांगितलं नसेल.

दादाच्या प्रश्नाचं उत्तर मी थोडक्यात देते. शिकवायला दुसरंही पुष्कळ होतं, आणि तरी शिव्या शिकवल्यात यात काही गैर झालं नाही. रॅडक्लिफ-ब्राउन नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० मध्ये चेष्टेच्या नात्यांवर एक निबंध लिहिला होता. अनेक समाजांत ठरावीक नात्यातल्या माणसाची थट्टा करायची, त्याला वाटेल ते बोलायचं आणि त्याने राग धरायचा नाही, अशी रीतच असते. म्हणजे समोरच्याने काहीही बोलावं आणि मी ते मनाला लावून घेऊ नये, इतका आपल्यात विश्वास आहे असं दोघं मिळून जाहीर करतात. तुम्ही चौघांनी तेच केलं, तुटक्या इंग्रजीत. हवापाण्याच्या गप्पा मारत बसला असतात, तर इतक्या लवकर इतके जवळ आला नसतात. दादा घरचा आहे. त्याचीही आई गेली आहे आणि त्यालाही तो शब्द लागला असणार. त्याच्याशी वाद घालू नकोस. जमल्यास हे उत्तर त्याला वाचायला दे.

अशा नात्यात एक गोष्ट मात्र विसरून चालत नाही: परवानगी देणाऱ्याला ती परतही घेता येते, आणि त्यासाठी समोरच्याने गुन्हा केलेला असावा लागत नाही. आई होती तेव्हा तू हा शब्द देऊ शकत होतीस. आता नाही. घासून घासून आपण त्या शिवीचं 'च्यायला' केलं, मग 'आयला' केलं. पोरंसोरंसुद्धा आश्चर्याने 'आयला!' म्हणतात आणि त्यात आई आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. पण आई गेली की घासलेली अक्षरं पुन्हा उठून दिसायला लागतात. हे तुझंच नाही, खूप जणांचं होतं. असे लोक मला माहीत आहेत, ज्यांनी वडील गेल्यावर 'बापरे' म्हणणंसुद्धा सोडलं.

तर पत्र असं काहीसं लिही. तू इंग्रजीत लिहिशील, म्हणून वाक्यं छोटी ठेव:

"तुझं काहीच चुकलेलं नाही. तू मला ज्या शब्दाने हाक मारतोस, त्याचा अर्थ मी तुला नीट सांगितला नव्हता. तो शब्द आईवरून आहे आणि माझ्या भाषेतल्या सगळ्यांत जड शब्दांपैकी एक आहे. मला तेव्हा लाज वाटली म्हणून मी टाळलं. आई होती तोवर तो मला कधी टोचला नाही. वाढदिवसाला टोचला. तो शब्द मी परत घेते आहे. बाकी सगळं तुझ्याकडेच राहू दे."

एवढंच. "तसं काही विशेष नाही गं-रे" छापाची सारवासारव शेवटी जोडू नकोस, त्याने आधीचं सगळं पुसलं जाईल. आणि शब्दश: अर्थ एकदा स्पष्ट लिही. उद्या त्याला दुसरं कोणी मराठी माणूस भेटला आणि त्याने आनंदाने, मित्रत्वाने तीच हाक मारली तर? डेवाले यांनीच पुढे, २०१६ मध्ये, इंग्रजी मागाहून शिकलेल्या लोकांबद्दल दाखवलं, की साधे टोचरे शब्द त्यांना आहेत त्याहून जास्त वाईट वाटतात आणि सगळ्यांत भयंकर शब्द मात्र आहे तितका भयंकर वाटत नाही. म्हणजे जिथे खरा धोका असतो तिथेच परक्या माणसाला अंदाज येत नाही. तो अंदाज देणं हे शिकवणाऱ्याचं काम आहे. आणि हो, तो शब्द तू तिघांना शिकवला होतास. फिनिश आणि क्वेबेकच्या मैत्रिणींनाही दोन ओळी लिही.

शब्द परत घेतलास तर त्याची जागा रिकामी ठेवू नकोस. तुमची मैत्री हाकेवर उभी आहे, त्याला दुसरी हाक दे. माझं मत विचारशील तर 'दीडशहाणा' दे. 'मेल्या' नको, कितीही प्रेमाने म्हणत असले तरी त्यात मरण आहे आणि आता तुमच्या घरात ते नको. 'दीडशहाणा' मला आपल्या भाषेतला अव्वल शब्द वाटतो. शहाणपण अर्धं जास्त झालं की तो वेडेपणा होतो, हा सगळा विचार एका शब्दात, आणि तोही हिशेबात मांडलेला. डच माणसाला तो लगेच समजेल. पण या वेळी शब्दाबरोबर पूर्ण माहिती दे: मित्राला म्हणता येतं, धाकट्या भावाला म्हणता येतं, मित्राच्या वडिलांना म्हणता येत नाही. हसत म्हटलं तर लाड, ओठ आवळून म्हटलं तर टोमणा. बदल्यात त्याच्याकडून एक असा शब्द माग, जो त्याची आजी त्याला म्हणायची.

आता पुस्तक. या प्रश्नावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला.

माझी एक मैत्रीण होती, भाषा वेगळी, प्रांत वेगळा. तिने एकदा मला तिच्या भाषेतल्या एका कादंबरीचा अनुवाद वाचायला दिला. स्वतःची प्रत, पेन्सिलीच्या खुणा केलेली. मी ती भरभर चाळली आणि परत करताना म्हटलं, "छान आहे." तिने विचारलं, "त्यातलं काय आवडलं?" मला सांगता आलं नाही. ती काही बोलली नाही, पुस्तक पिशवीत ठेवलं. पुढे खूप वर्षांनी तेच पुस्तक मी विकत घेऊन नीट वाचलं. त्यात एक म्हातारी आपल्या नातीला एका शब्दाने हाक मारते, आणि अनुवादकाने तो शब्द भाषांतर न करता तसाच ठेवला आहे. माझी मैत्रीण मला नेहमी त्याच शब्दाने हाक मारायची. मला वाटायचं, असंच काहीतरी टोपणनाव असेल. तिने मला त्या नावाचा अर्थ दोनशे पानांत बांधून दिला होता आणि मी तो न उघडता परत केला. तोवर आमचा पत्रव्यवहार थांबला होता.

म्हणून तुझ्या मित्राची मागणी मला फार मोलाची वाटते. 'तुझी भाषा कळेल असं पुस्तक' म्हणजे त्याला शब्दांचं वजन हवं आहे. शिवी पटकन पाठ होते, पण तिचं वजन पाठ करता येत नाही. ते कळायला त्या भाषेत काही काळ राहावं लागतं, आणि जो प्रत्यक्ष राहू शकत नाही त्याला पुस्तकात राहावं लागतं.

कोणालाही विचारलंस तर आधी 'श्यामची आई' सुचवतील. मी या क्षणी ते सुचवणार नाही. तुझं पत्र वाचून तो आधीच कानकोंडा झाला असेल, ते पुस्तक त्याला प्रायश्चित्तासारखं वाटेल. आणि त्याने वाचून त्यावर बोलायला सुरुवात केली तर तुला ते झेपणार नाही. आणखी दोन-चार वर्षांनी दे.

आज तुकाराम दे. दिलीप चित्रे यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 'सेज तुका' या नावाने १९९१ मध्ये आला आहे. का, ते सांगते. तुकोबा विठ्ठलाला माउली म्हणतात. आपल्या संतांनी देवासाठी शोधलेला सगळ्यांत मोठा शब्द हाच: आई. आणि त्याच माउलीशी तुकोबा कडाकडा भांडतात, तिला दोष देतात, वाटेल ते बोलतात, कारण तिथे बोलायचा हक्क आहे. मराठीत 'आई' हा शब्द केवढ्या उंचीवर ठेवलेला आहे ते त्याला या पुस्तकात दिसेल. मग त्या शब्दाला हात घालणारी शिवी इतकी का लागते, हे तुला वेगळं सांगावं लागणार नाही. आणि शिव्यांची त्याची आवडही भागेल. आईवडिलांना छळणाऱ्या, दांभिक माणसांवर तुकोबा तुटून पडतात तेव्हा त्यांची जीभ जराही संकोचत नाही. 'मोजून माराव्या पैजारा' हे तू शाळेपासून ऐकत आली असशील. पैजार म्हणजे जोडा. पण त्या ओळीतली खरी शिवी 'पैजार' नाही, 'मोजून' आहे. रागाच्या भरात मारलेले जोडे विसरता येतात. शांतपणे एक, दोन, तीन असे मोजून मारलेले विसरता येत नाहीत. हे त्याला सांग, त्याला आवडेल.

सगळं पुस्तक वाच असं सांगू नकोस. यादी कशी वाढत जाते ते तुम्ही पाहिलंच आहे. पाच-सहा अभंग निवड, तुला स्वतःला जे पुन्हा पुन्हा आठवतात तेच, थोर म्हणून गाजलेले नकोत. त्या पानांवर पेन्सिलीने खूण कर. तो इंग्रजीतून वाचेल. तू तोच अभंग मराठीत मोठ्याने वाचून आवाजी निरोप पाठव. आईच्या आठवणीने आवाज मध्येच अडकला तर अडकू दे, पुन्हा रेकॉर्ड करू नकोस. पुढे कधी त्याने आणखी काही मागितलं तर नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आहे, १९७२ चा. त्यातल्या काही कवितांचेही चित्र्यांनी इंग्रजी अनुवाद केले आहेत. तिथे शिवी येते ती गंमत म्हणून येत नाही. ज्यांच्याकडे दुसरं काही उरलेलं नाही त्यांचं ते बोलणं आहे, आणि तुमच्या शनिवारच्या खेळात जो शब्द हलका झाला होता तो तिथे पुन्हा हाताला जड लागतो. पण आधी तुकाराम वाचून होऊ दे.

त्याच्याकडूनही एक पुस्तक माग, आणि या वेळी तूही खरंच वाच. एक गोष्ट कदाचित तुझ्या लक्षात आली नसेल: त्याच्या भाषेतलं एक पुस्तक तू बहुधा आधीच वाचलेलं आहेस. अ‍ॅन फ्रँकने तिची डायरी डच भाषेत लिहिली होती, १९४७ मध्ये ती पहिल्यांदा छापली गेली तीही डचमध्येच. आपण ती मराठीतून किंवा इंग्रजीतून वाचतो आणि मूळ भाषा कोणती हे विसरून जातो. त्याला विचार, ती मुलगी आईवर चिडते त्या पानांवर डचमध्ये नेमके कोणते शब्द आहेत, ते किती कडक आहेत, आणि त्या वयाची मुलगी घरात तसं बोलते का. अनुवादात राग पोचतो, पण त्याची धार किती ते डच माणूसच सांगू शकेल.

पुस्तक पाठवण्याआधी त्याचं पहिलं कोरं पान उघड. त्यावर देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिही, 'दीडशहाण्यास'. खाली त्याचा अर्थ, कोणाला म्हणायचं आणि कोणाला नाही, सगळं लिही. उच्चार मात्र लिहू नकोस. तो विचारायला फोन करेल, तेव्हा तुझ्या तोंडून ऐकू दे.

तुझी,
ताई